मुलाचा खर्च महिन्यावर येत नाही

पोटगीच्या अर्जात दरमहा किती हवेत ते लिहावं लागतं. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आकड्यांशी माझा रोजचा संबंध, आणि म्हणूनच मला तो महिन्याचा आकडा पटत नाही. सातवीतल्या मुलाचा खर्च महिन्याच्या मापात बसतच नाही. ऑक्टोबरात माझा मुलगा दूध, अंडी, व्हॅन आणि क्लास एवढ्यात भागतो. जूनमध्ये त्यालाच फीचा पहिला हप्ता, वह्या-पुस्तकं, दोन गणवेश, बूट आणि आमच्याकडच्या पावसात श्रावणही न बघणारा रेनकोट लागतो. मुलाच्या वडिलांना ऑक्टोबर दिसतो, मला जून.

म्हणून मी अर्जाआधी अख्ख्या वर्षाचा तक्ता मांडला. शाळेची फी ३८,०००. व्हॅन दहा महिन्यांची १२,०००, क्लास १०,०००. जूनची खरेदी ९,५००. चष्मा, दात, तापाची औषधं मिळून ८,०००. दिवाळीचे कपडे, सहल, वाढदिवस ६,०००. खाण्यापिण्याचे महिन्याला ३,५०० धरले, म्हणजे ४२,०००. राहिलं घर. भाडं, लाइट, गॅस मिळून मला ११,०००च्या आसपास पडतात. त्यातले ४,००० त्याचे धरले, निम्मेसुद्धा नाहीत. वर्षाचे ४८,००० झाले. एकूण १,७३,५००. भागिले बारा केलं की १४,४५८.

घरभाड्यात मुलाचा वाटा कसा, हा प्रश्न मला समोरच्या वकिलांनीच नव्हे, माझ्या मावशीनंही विचारला. उत्तर साधं आहे. एकटी असते तर मी एका खोलीत राहिले असते. आतली खोली त्याच्या अभ्यासासाठी आहे, आणि घर शाळेजवळ हवं म्हणून भाडंही जास्त आहे. बहुतेक बायका हा वाटा मागतच नाहीत. फी आणि वह्या लिहितात आणि थांबतात.

कायद्यात मुलासाठी मार्ग एकच नाही. नवरा-बायकोचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खाली मुलाचा खर्च मागता येतो. दावा नसला तरी, आणि धर्म कोणताही असला तरी, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आलं. या कलमाला २००१पर्यंत महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, हे आज सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मी पगारदार, मला मिळणार नाही, असं समजून माझ्या दोन मैत्रिणी तिकडे फिरकल्याच नव्हत्या.

मी स्वतःसाठी काही मागितलं नाही, फक्त मुलासाठी मागितलं. मग ‘तुम्ही कमावता ना?’ हे आलंच. माझ्या हातात २६,००० पडतात, त्यांच्या हातात ५२,०००. सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या खटल्यात असाच पेच सोडवला होता. दोघंही कमावते असतील तर मुलांचा भार दोघांवर, पण मिळकतीच्या प्रमाणात. तिथं ते प्रमाण दोनास एक ठरलं. आमचंही नेमकं तेच पडतं. १४,४५८चे दोन भाग त्यांचे, म्हणजे ९,६३९, आणि एक भाग माझा.

हे प्रमाण काढायचं तर समोरच्याची खरी मिळकत कळायला हवी. ४ नोव्हेंबर २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. रक्कमही अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, हे त्याच निकालात ठरलं. शपथपत्र मलाही द्यावं लागलं, आणि त्यावरून उलटतपासणीत मजा झाली. माझा भाऊ आजऱ्याहून दर वर्षी घनसाळ तांदळाचं एक पोतं पाठवतो. वकील म्हणाले, “तांदूळ माहेरचा येतो, मग किराणा एवढा कसा?” मी म्हटलं, “साहेब, भाऊ भाच्याला तांदूळ देतो तो मायेनं. त्यामुळं बापाचं देणं कमी होत नाही.” न्यायाधीश बाईंनी मान वर न करता पुढचा प्रश्न घ्यायला सांगितलं. त्यांच्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ताही पुढं करण्यात आला. पण हौसेनं घेतलेल्या कर्जाचा हप्ता न्यायालयं सहसा पोटगीच्या आधी धरत नाहीत. अंतरिम आदेश ९,०००चा झाला. माझ्या तक्त्याच्या इतक्या जवळचा आकडा येईल असं मला वाटलं नव्हतं.

आदेश झाला म्हणजे पैसे आले असं मात्र नाही. कधी पाच तारखेला येतात, कधी वीसला, कधी अर्धेच. म्हणून घराची मांडणीच मी तशी केली. भाडं, किराणा, गॅस, व्हॅन, क्लास सगळं माझ्या पगारातून. त्यानंतर माझ्याकडं फार काही उरत नाही, पण चूलही कुणावाचून अडत नाही. पोटगी मुलाच्या वेगळ्या खात्यात येते आणि त्यातले ५,००० आल्या आल्या रिकरिंगला जातात. हे रिकरिंग जूनमध्ये सुरू होतं आणि पुढच्या मेअखेर हातात येतं. फी, गणवेश, दिवाळी, चष्मा हे मोठे खर्च त्यातून निघतात. पैसे रोख घेत नाही. बँकेतून येतात आणि शेऱ्यात महिना लिहिलेला असतो. वाद झाला तर पासबुक पुढं करायचं.

गेल्या वर्षी वाढदिवसाला त्यांनी मुलाला ११,०००ची सायकल दिली आणि पुढच्या महिन्याची पोटगी ‘सायकलमध्ये जमा’ म्हणून दिली नाही. सायकल छान आहे, तो रंकाळ्याला चक्कर मारून येतो. पण ती भेट आहे. फीच्या पावतीवर शाळा सायकल जमा करून घेत नाही. मी वसुलीचा अर्ज केला. रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो, नाहीतर वॉरंटचा मार्ग बंद होतो. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी बाकी फिटत नाही. मला कैद नकोच होती. तुरुंगातल्या माणसाचा पगार होत नाही. रक्कम पगारातून कापून मिळावी अशी मागणी केली, तेव्हा नोटीस ऑफिसात जाण्याआधीच पैसे खात्यात आले.

त्या महिन्यात आईनं सांगून पाहिलं, “पैसे येईपर्यंत पोराला बापाकडं पाठवू नकोस.” मी पाठवलं. दुसरा आणि चौथा शनिवार मुलाचा आहे, तो वसुलीचं हत्यार नाही. आणि पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद, किंवा भेट झाली नाही म्हणून पोटगी बंद, हे दोन्ही न्यायालयाला चालत नाही. निरोपही मी त्याच्या हातून पाठवत नाही. “पप्पांना फीचं सांगू का?” असं तो विचारतो, तेव्हा “ते मोठ्यांचं काम आहे,” एवढंच सांगते.

आता परस्पर संमतीनं मिटवायची बोलणी सुरू आहेत. समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून अटी मी जून डोळ्यांपुढं ठेवून लिहिल्या. फी वडिलांनी थेट शाळेत भरायची आणि पोटगी तेवढी कमी घ्यायची. दर वर्षी ठरावीक वाढ, म्हणजे पुन्हा अर्ज नको. ५,०००च्या वरचा दवाखान्याचा खर्च दोनास एक. हे सगळं त्यांना मान्य आहे. अडलंय ते शेवटच्या अटीवर. मुलाची पोटगी कलम १४४खाली साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंत, आणि कॉलेजची मोठी फी सुरू होते ती नेमकी तेव्हा. पदवीपर्यंतचा खर्च त्याच प्रमाणात, असं मी लिहिलंय. त्यांच्या वकिलांनी त्या ओळीला पेन्सिलनं गोल करून मसुदा परत पाठवलाय, आणि पुढची तारीख मेमध्ये आहे.