बघ्यांच्या गर्दीत गप्प बसलेली मुलं

गैरसमज : छळ कोपऱ्यात, कुणी नसताना होतो.
उलट तो बऱ्याचदा भर मैदानात, प्रेक्षकांसमोर होतो. कॅनडात टोरांटोच्या प्राथमिक शाळांत संशोधकांनी मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून आणि दुरून कॅमेऱ्याने टिपून मधल्या सुट्टीचं निरीक्षण केलं. 2001 साली ते प्रसिद्ध झालं. छळाच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती; मध्ये पडली फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण एखादं मूल मध्ये पडलं, की निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला.

गैरसमज : गप्प बसणारी मुलं निगरगट्ट असतात.
शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि सर्वांत जास्त अन्याय तेच करतं. आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकाचा डबा हिसकावून शेवटच्या बाकापर्यंत फेकाफेकी चाललीय, पोळी फरशीवर पडलीय आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा वहीत डोकं खुपसून बसलाय. त्याला वाईट वाटत नाही असं नाही. त्याच्या मनात वेगळाच हिशेब चाललेला असतो : मी बोललो तर ऐकणार कोण? उद्या माझाच डबा उडाला तर? सरांना सांगितलं तर ‘चोमडा’ हे नाव दहावीपर्यंत चिकटणार.

गिनी या संशोधकाने सहकाऱ्यांसह इटलीतल्या साधारण तेरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला (2008). त्यात मदतीला धावणारे आणि नुसते बघणारे यांच्यातला फरक कणवेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसला. चार मुलांत आपण आपलं म्हणणं मांडू शकतो, निभावून नेऊ शकतो, हा भरवसा धावणाऱ्यांत जास्त होता, बघणाऱ्यांत कमी. त्यामुळे ‘दुसऱ्याचं दुःख समजून घ्या’ असं परिपाठात कितीही सांगितलं, तरी तिसऱ्या बाकावरचा मुलगा तेवढ्याने उठेल असं नाही. दुःख त्याला समजलेलंच असतं.

गैरसमज : मग पोराचा आत्मविश्वास वाढवा, म्हणजे झालं.
इतकं सोपं असतं तर उन्हाळी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांनी शाळा केव्हाच सुधारल्या असत्या. नॉर्वेचे दान ओल्वेयस यांनी आयुष्यभर या विषयावर काम केलं. छळणारी मुलं आतून न्यूनगंडाने पोखरलेली असतात, या समजाला त्यांच्या संशोधनात आधार मिळाला नाही. आत्मविश्वास दादागिरी करणाऱ्यालाही भरपूर असू शकतो. इथे लागतो तो नेमका भरवसा : या प्रसंगी काय करायचं ते मला माहीत आहे आणि ते मला जमेल.

गैरसमज : मध्ये पडणं हे एकट्या शूराचं काम.
2007 साली कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात नववीतल्या एका मुलाला गुलाबी शर्ट घातला म्हणून त्रास देण्यात आला. बारावीतले डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस यांनी 50 गुलाबी शर्ट विकत आणून मुलांत वाटले. गोष्ट सांगताना सगळे शर्टांबद्दल बोलतात. मला त्यातले दोन तपशील महत्त्वाचे वाटतात. ते दोघे होते आणि शाळेत सर्वांत मोठ्या वर्गातले होते.

न्यू जर्सीतल्या 56 शाळांत 2012-13 मध्ये हेच शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासलं गेलं. निवडलेल्या काही मुलांना भांडण-त्रासाविरुद्ध उघड भूमिका घ्यायला प्रोत्साहन दिलं. वर्षभरात त्या शाळांतल्या मुलामुलांच्या भांडणांच्या शिस्तभंग-नोंदी सुमारे 30 टक्क्यांनी घटल्या. या गटात मैत्रीचं जाळं मोठं असलेली मुलं जिथे जास्त, तिथे परिणाम अधिक. अशी मुलं म्हणजे मॉनिटर किंवा पहिले नंबरवाले असतीलच असं नाही. कुणाभोवती घोळका जमतो हे वर्गाला विचारावं लागतं.

गैरसमज : मध्ये पडणं म्हणजे अंगावर जाणं.
‘तू कशाला मध्ये पडतोस, मार खाशील’ ही घरची ताकीद याच समजातून येते. अंगावर जायची गरज नसते. सुट्टीत त्या मुलाशेजारी जाऊन बसणं, ‘चल, खेळायला ये’ म्हणून त्याला तिथून बाजूला नेणं, एका मित्राला सोबत घेऊन बाईंना सांगणं, हे तेरा वर्षांच्या मुलाला जमण्यासारखं आहे. बाईंनीही मग भर वर्गात ‘मला अमक्याने सांगितलं’ असं म्हणायचं नाही.