बसऱ्याचा पांढरा मुलामा आणि इटलीची निळी फुलदाणी

कोकणातल्या आमच्या घरी दिवाणखान्याच्या कोनाड्यात एक निळी फुलदाणी असायची. अब्बा मालवाहू बोटीवर नोकरीला होते. १९६०च्या दशकात इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून त्यांनी ती कपड्यांच्या पेटीत गुंडाळून आणली होती. उंची जेमतेम वीतभर, रंग समुद्रासारखा निळा-हिरवा, अंगावर ओल्या मातीत ठशांनी उठवलेल्या नक्षीच्या रांगा. अम्मी तिच्यात वाळलेल्या गवताचे तुरे ठेवायची.

अम्मीच्या इंतकालनंतर आम्ही चार भावंडं सामान वाटून घ्यायला बसलो, तेव्हा याच फुलदाणीवरून बोलाचाली झाली. थोरले भाईजान म्हणाले, "शोभेच्या वस्तू म्हणजे इस्राफ. विकून टाका, पैसे गरजूंना द्या." धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. अखेर आम्ही ठरवलं, की आधी ही वस्तू काय आहे ते समजून घ्यायचं आणि निर्णय नंतर करायचा. त्या शोधात जे हाती आलं, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

फुलदाणीच्या तळाशी हाताने लिहिलेला एक आकडा आणि ‘इटली’ एवढंच होतं. मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला ती दाखवली. तो म्हणाला, की फ्लॉरेन्सजवळच्या माँतेलुपो गावात अशा फुलदाण्या बनत. तिथल्या बितोस्सी कारखान्याचे कलादिग्दर्शक आल्दो लोंदी यांनी १९५०च्या दशकात ‘रिमिनी ब्लू’ नावाची मालिका सुरू केली. कारागीर ओल्या मातीवर हाताने ठसे उमटवत आणि त्यावर निळा-हिरवा मुलामा चढवून भट्टीत भाजत. माणसाचं किंवा प्राण्याचं चित्र नाही, नुसती भौमितिक नक्षी. अशा कितीतरी फुलदाण्यांवर कारखान्याचं नाव नसे, फक्त आकडा आणि देशाचं नाव असे. म्हणूनच आमची फुलदाणी त्याच कारखान्याची आहे असं त्याने छातीठोकपणे सांगितलं नाही. "त्या घराण्यातली वाटते," एवढंच म्हणाला. विकत घेणाऱ्यांनीही हाच धडा लक्षात ठेवावा. तळाशी ‘इटली’ लिहिलंय म्हणून विक्रेता मोठं नाव सांगत असेल, तर लगेच विश्वास ठेवू नये.

यापुढची गोष्ट भाईजाननाही ठाऊक नव्हती. इटलीच्या ज्या मातीकामाला जग ‘मायोलिका’ म्हणून ओळखतं, त्याचं मूळ इराकात आहे. नवव्या शतकात, अब्बासी खिलाफतीच्या काळात, बसऱ्याच्या बाजारात चीनची पांढरीशुभ्र भांडी येत. तसली पांढरी माती बसऱ्याच्या कुंभारांकडे नव्हती. त्यांनी मुलाम्यात कथलाची भस्म मिसळली. भाजल्यावर तो मुलामा दुधासारखा पांढरा आणि अपारदर्शक झाला, खालची पिवळट माती झाकली गेली आणि वर कोबाल्टच्या निळ्या रंगाने लिहिता-रंगवता येऊ लागलं. याच कारागिरांनी चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढून, कमी हवेच्या भट्टीत पुन्हा भाजून, मातीच्या भांड्याला धातूची झळाळी आणली. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणंपिणं हदीसने मना केलं आहे. मातीवरच्या या झळाळीची आवड वाढण्यामागे तेही एक कारण असावं, असं काही अभ्यासक मानतात.

ही विद्या इराकातून मिसरला आणि तिथून पुढे मुस्लिम अंदलुसला पोहोचली. मालगा आणि व्हॅलेन्सियाजवळचं मानिसेस ही स्पेनमधली मोठी केंद्रं. स्पेनचा माल मायोर्का बेटावरून इटलीला जाई, त्यावरून ‘मायोलिका’ हे नाव पडलं असं एक मत आहे. इटलीतल्या देरूता आणि गुब्बियो गावांनी सोळाव्या शतकात ही झळाळी आपलीशी केली. चिप्रियानो पिक्कोलपास्सो याने १५५७च्या सुमारास कुंभारकामावर जे हस्तलिखित तयार केलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. फाएन्झा गावात तर १९०८ साली फक्त मातीच्या कलेसाठी संग्रहालय उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत त्याची मोठी हानी झाली आणि नंतर ते पुन्हा उभारलं गेलं.

औषधाच्या बरण्यांचीही हीच गोष्ट. कमरेला थोडी बारीक, उभी ‘अल्बारेल्लो’ बरणी इटलीच्या प्रत्येक जुन्या औषधालयात असे. तिचा आकार शाम आणि आसपासच्या मुस्लिम मुलखातून मसाले-मलमांबरोबर तिकडे गेला. आज संग्राहक तिच्यात फुलं ठेवतात.

पीसा शहराचा दाखला सगळ्यांत बोलका आहे. तिथल्या मध्ययुगीन चर्चच्या बाहेरच्या भिंतींत मुस्लिम देशांतून आलेले रंगीत वाडगे शोभेसाठी बसवले होते. त्यातले कित्येक आता तिथल्या सान मात्तेओ संग्रहालयात ठेवले आहेत. पीसामधून वाहणारी आर्नो नदी वरच्या अंगाला माँतेलुपोवरूनच येते. अब्बांनी पेटीत गुंडाळून आणलेली फुलदाणी त्याच नदीकाठची असावी!

सगळंच मात्र आपल्या घरात ठेवण्याजोगं नाही. सिसिलीत ‘मूर माणसाचं डोकं’ या आकाराच्या फुलदाण्या फार लोकप्रिय आहेत. एका तरुणीने दगाबाज मूर प्रियकराचं डोकं कापून त्यात तुळशीच्या जातीचं रोप लावलं, अशी त्यामागची दंतकथा. मूर म्हणजे तिकडच्या बोलण्यात उत्तर आफ्रिकेचा मुसलमान. मनुष्याकृतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कापलेलं डोकं बैठकीत मांडायचं की नाही, हे घेण्याआधी ठरवावं. भौमितिक, वेलबुट्टीच्या आणि एकरंगी फुलदाण्या पुष्कळ मिळतात.

कुणाला घ्यायची असेल तर काही गोष्टी पाहाव्यात. बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. आवाज बद्द आला तर तडा असण्याची शक्यता असते. काठावरून आणि तळावरून बोट फिरवून टवका उडालाय का ते पाहावं. एखाद्या जागी रंग वेगळा किंवा पृष्ठभाग मऊसर लागला, तर दुरुस्ती झाली आहे असं समजावं. मुलाम्यावरचं केसासारखं बारीक जाळं जुन्या वस्तूत सहसा असतंच, पण त्यातून पाणी झिरपतं आणि लाकडी टेबलावर डाग पडतो. ताजी फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा पेला बसवावा. जुन्या मुलाम्यात शिसं असू शकतं, म्हणून खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठी ही भांडी वापरू नयेत. साफ करायला मऊ ओलं फडकं पुरे. व्हिनेगर, ब्लीच, काथ्या यांपासून ती दूर ठेवावी.

मांडणी साधी असावी. पांढऱ्या भिंतीपुढे एक निळी फुलदाणी उठून दिसते. दहा गर्दीने मांडल्या तर एकही दिसत नाही. वेगवेगळ्या उंचीच्या तीन असतील तर जवळजवळ ठेवाव्यात. घरात लहान मुलं असतील तर कोनाडाच बरा.

राहिला इस्राफचा प्रश्न. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांना आम्ही विचारलं. त्यांनी सूरह आराफच्या एकतिसाव्या आयतीकडे लक्ष वेधलं. तिच्यात इबादतीच्या वेळी शोभा धारण करायला सांगितलं आहे आणि त्याच आयतीत अतिरेकाची मनाई आहे. "दोन्ही गोष्टी एकत्र वाचा," ते म्हणाले. कर्ज काढून, हक्कदारांचा हक्क मारून किंवा लोकांना दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू इस्राफ होते. ऐपतीत घेऊन जपलेली वस्तू तशी नव्हे. घरच्या वापराच्या आणि शोभेच्या अशा वस्तूंवर जकात नाही, पण विकून नफा करायच्या इराद्याने घेतल्या तर तो व्यापाराचा माल ठरतो आणि त्याची जकात लागू होते, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "मय्यतीची प्रत्येक वस्तू वारसांची असते, फुलदाणीसुद्धा. सगळ्यांच्या राजीखुशीशिवाय कुणी एकट्याने ठेवू नये."

दुकानदाराने किंमत सांगितली. काठाला टवका असल्यामुळे ती आम्हाला वाटली होती त्याहून बरीच कमी निघाली. धाकट्या बहिणीने आपला वाटा सोडून बाकीची रक्कम आम्हा तिघांना देऊ केली. सगळ्यांत आधी भाईजाननी आपला हिस्सा माफ केला, मग आम्हीही केला. तरीही ती रक्कम तिने अम्मीच्या नावाने सदका केली.

फुलदाणी आता तिच्या घरी आहे, पांढऱ्या भिंतीपुढे. मागच्या ईदला आम्ही सगळे तिथे जमलो. भाईजानचा नातू फुलदाणीकडे बोट दाखवून म्हणाला, "दादा, ही कुठली?" भाईजाननी त्याला मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली, "ही ना, बसऱ्याहून निघाली..."