गोडीच्या मुलखातली आंबट वाइन

सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष जोखलं जातं गोडीवर आणि मण्याच्या लांबीवर. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली 'सोनाका' गाजली ती लांबट मण्यामुळेच. विरळणी करायची, जिबरेलिक आम्लात (जीए) घड बुडवायचे, मणी फुगवायचा आणि बाजारात न गेलेल्या मालाचा बेदाणा करायचा, हे इथलं पिढीजात गणित.

वाइनच्या द्राक्षाला हे गणितच लागू होत नाही. मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी असलं तरी चालतं. आणि पांढरी वाइन करायची तर गोडीइतकाच आंबटपणाही शिल्लक राहायला हवा. माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला 2007 च्या सुमारास हा उलटा धडा सुरू झाला. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीच्या तोस्काना भागातले सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून 'फ्रातेल्ली' वाइनरी उभी केली. वाइन घडवायला तोस्कानाचेच पिएरो मासी आले. साखर कारखान्यासाठी आणि लावणी स्पर्धेसाठी ओळखल्या जाणाऱ्या अकलूजच्या परिसरात शार्दोने, सोव्हिन्यों ब्लां, शेनें ब्लां रुजली. आषाढात ज्या तालुक्यातून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जातात, तिथेच हे सगळं चाललं आहे. महाराष्ट्राला अशा शेजाराची सवय आहे.

खरी लढत उन्हाशी. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकताना मॅलिक आम्ल जळत जातं, आणि उष्णता वाढली की झपाट्याने जळतं. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा ऋतू थंडीकडे कललेला असतो. आपल्याकडे नेमकं उलटं: जानेवारीच्या गार रात्री सरत जातात आणि मार्चचं ऊन घडांवर येतं. म्हणून पांढऱ्या वाणांची तोडणी लवकर, तीही ऊन चढायच्या आत उरकावी लागते. मग माल लवकर पिकावा म्हणून फळछाटणी ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरात का करू नये? कारण परतीचा पाऊस. कोवळ्या फुटीवर तो बरसला की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच! आपल्याकडे थंडीत वेल झोपत नाही, त्यामुळे एप्रिलची खरड छाटणीही चुकत नाही. एका पिकासाठी वर्षाला दोन छाटण्या हे युरोपातल्या बागायतदाराला नवलच वाटेल.

पुढचं काम गारव्याचं. घड थंड ठेवून हलक्या दाबाने रस काढायचा, साली बाजूला करायच्या आणि स्टीलच्या टाक्यांत कमी तापमानाला सावकाश आंबवायचं. घाई केली, तर फळाचा वास उडून जातो.

1976 साली पॅरिसमध्ये लेबल झाकून घेतलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या वाइनने फ्रेंच वाइनला मागे टाकलं. ती चाचणी भरवणारे स्टीव्हन स्परिअर पुढे मासींबरोबर फ्रातेल्लीच्या 'एम/एस' मालिकेत सहभागी झाले. तिच्यातली पांढरी वाइन शार्दोने आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या मिश्रणाची. तरीही वाइन म्हटलं की बहुतेकांना नाशिकच आठवतं. नाशिकचा मान मोठा आहे, पण उष्ण माळरानावर आंबटपणा टिकवणं मला अधिक अवघड वाटतं.

इथली सोव्हिन्यों ब्लां घेतलीत, तर आठ-दहा अंश सेल्सियसला गार करून प्या. शेंगाचटणी मात्र लांब ठेवा. तिखटापुढे वाइनचा आंबटपणा बोचतो. उजनी धरणातली तळलेली चिलापी आणि वर लिंबू, एवढं पुरेसं आहे.