नाक्यावरची जकात

'जकात' हा शब्द तुम्हांला नवा नाही. ज्याच्याजवळ ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती वर्षभर राहते, तो तिचा चाळिसावा भाग गरजूंसाठी काढतो. त्याला आपण जकात म्हणतो. मराठीतही हाच शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ निराळा आहे. मराठीत जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर घेतला जाणारा कर. महसूल, वसूल, तहसील, रक्कम, हिशेब हे शब्दही अरबीतून फारसीमार्गे राज्यकारभारात आले आणि मराठीत रुळले.

शासनाला कर का लागतो? रस्ते, दवाखाने, पोलीस, पाणी यांसाठी पैसा लागतो. शाळा अनुदानित असेल, तर शिक्षकांचा पगारही करांतूनच होतो. शासनाने जितकी कामे अंगावर घ्यावीत, तितका खर्च वाढतो. तो भागवण्यासाठी कर वाढवावा लागतो किंवा कर्ज काढावे लागते. म्हणून शासन किती मोठे असावे, हा प्रश्न आपल्या खिशाशी जोडलेला आहे.

पण कर किती आहे, एवढेच पाहून चालत नाही. तो कसा घेतला जातो, हेही पाहावे लागते. आपल्या हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजीचे उदाहरण घ्या. हे यंत्रमागांचे शहर. येथे बाहेरून सूत येते आणि तयार कापड बाहेरगावी जाते. जकात चालू होती त्या काळात शहराच्या वेशीवर नाके असत. मालाची गाडी आली, की तिला थांबावे लागे. कारकून कागद तपासत, माल पाहत, जकात घेऊन पावती देत. माल त्या शहरात उतरणार नसेल, नुसता पुढे जाणार असेल, तरीही कागदपत्रे करावी लागत. वाटेत जितकी शहरे, तितके नाके. त्यात वेळ जाई, डिझेल जळे आणि हा सारा खर्च शेवटी कापड घेणाऱ्याच्या माथी पडे. हा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीत जात नसे. तो वाया जाई.

महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली. मोठ्या शहरांत ती पुढेही चालू राहिली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर म्हणजेच जीएसटी लागू झाला तेव्हा संपली. या नव्या करात एक सोय आहे. समजा, विणकराने १०० रुपयांचे सुती सूत घेतले आणि त्यावर ५ टक्के दराने ५ रुपये कर भरला. त्याचे कापड १४० रुपयांना विकले गेले. कापडावरील कर ७ रुपये झाला. आधी भरलेले ५ रुपये वजा करून त्याला फक्त २ रुपये भरावे लागतात. त्यामुळे करावर कर चढत नाही. माल कोठे न्यावा, कोणाला विकावा, हे ठरवणे व्यापाऱ्याला सोपे होते. यालाच आर्थिक स्वातंत्र्य म्हणतात.

मग यात कोणाचेच नुकसान झाले नाही काय? तसे नाही. जकात हे नगरपालिकेचे स्वतःचे उत्पन्न होते. ते गेल्यावर राज्य शासन तिच्या बदली अनुदान देऊ लागले. ज्या संस्थेने पूर्वी आपल्या वेशीवर पैसा जमवला, तिला आता मुंबईकडे पाहावे लागते. जीएसटीचे दरही एकटे राज्य ठरवू शकत नाही. केंद्र व राज्यांची मिळून असलेली परिषद ते ठरवते. व्यापाऱ्याचा हात मोकळा झाला, पण गावाचा हात काहीसा बांधला गेला. इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. तरी तेथील लोकांना पाण्याची टंचाई सोसावी लागली आहे. नाका नसला म्हणजे नळाला पाणी येते, असे नाही. त्यासाठी पैसा लागतो आणि तो नीट खर्च करणारे शासनही लागते.

कराचा निर्णय तुमच्या दप्तरापर्यंतही येतो. वह्या आणि पेन्सिलींवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झाला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु जो पैसा येथून येणार नाही, तो दुसरीकडून आणावा लागेल किंवा एखादा खर्च कमी करावा लागेल.

म्हणून मित्रांनो, कोणी म्हणाले 'कर वाढवा' किंवा कोणी म्हणाले 'कर काढून टाका', तर लगेच मान डोलवू नका. हा पैसा कोण देतो, तो देताना त्याचे किती काम अडते, पैसा कोणाच्या हाती जातो आणि त्यातून काय उभे राहते, हे चार प्रश्न विचारा. उद्या तुम्ही मतदार व्हाल. तेव्हा घरपट्टीच्या बिलापासून देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत हेच प्रश्न तुमच्या उपयोगी पडतील.