हिवाळ्यात पक्षी काय खातात? वऱ्हाडातल्या अंगणात आणि धुऱ्यावर कोणती झाडं लावायची?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी लहान मुलांचं बोरन्हाण होतं. त्यासाठी लागणारी बोरं बहुतेक जण बाजारातून विकत आणतात. याच दिवसांत बुलबुल, साळुंकी आणि पोपटही बोरांच्याच शोधात असतात. त्यांना मात्र झाडच लागतं.

'हिवाळ्यात पक्ष्यांसाठी बेरीची झुडपं लावा' असा सल्ला देणारे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर आहेत. पण त्यातली होली, रोवन यांसारखी झाडं थंड, बर्फाळ देशांतली. अकोल्याचा 45 अंशांवर जाणारा उन्हाळा त्यांना सोसणार नाही. मग अमरावती-अकोल्यात काय लावायचं?

इथल्या हिवाळ्यात कोणते पक्षी फळं खातात?

बुलबुल, साळुंकी, तांबट, चष्मेवाला हे नेहमीचे. कोकिळही इथेच असतो. हिवाळ्यात तो गात नाही, म्हणून तो निघून गेला असं आपल्याला वाटतं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल तर जवळपास पूर्णपणे फळांवर जगतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर ही त्याची हक्काची झाडं.

यात पाहुण्यांची भर पडते. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून भोरड्या, म्हणजेच पळस मैना, ऑगस्ट-सप्टेंबरपासून थव्याथव्याने भारतात येतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. फळं, ज्वारीचे दाणे, किडे आणि पळस फुलला की त्यातला मध, असा त्यांचा आहार असतो.

मग अडचण कुठे आहे?

वऱ्हाड हा एकेकाळी ज्वारीचा प्रदेश होता. गेल्या काही दशकांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. पक्ष्यांसाठी कणसातले दाणे कमी झाले. धुऱ्यावरची बोर-बाभूळ तुटली, की फळं आणि बसायची जागा दोन्ही जातात. शहरात घराभोवती फरशी आणि रस्त्याच्या दुभाजकावर कोनोकार्पस आला. तो बाराही महिने हिरवा दिसतो, पण फळं खाणाऱ्या पक्ष्यांना त्याचा काही उपयोग नाही. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

यात शेतकऱ्याचा काय फायदा?

हिवाळा म्हणजे हरभऱ्याचा हंगाम आणि घाटे अळीचाही. म्हणूनच हरभऱ्यात टी आकाराचे पक्षीथांबे लावण्याची शिफारस कृषितज्ज्ञ करतात. त्यावर बसून साळुंकी आणि कोतवालासारखे पक्षी अळ्या टिपतात. साळुंकी फळंही खाते आणि अळ्याही. धुऱ्यावर फळझाड असेल, तर तिला त्या शेताकडे यायला आणखी एक कारण मिळतं.

कोणती झाडं लावाल?

बोर : हिवाळ्यात फळणारं आणि कमी पाण्यावर तगणारं हे झाड यादीत पहिलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, जिथे भूजल खारं आहे, तिथेही ते तग धरतं. त्याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे बी शक्यतो कायमच्या जागीच लावा. छाटणी एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यात फांद्या छाटल्या तर फुलोरा जातो आणि हिवाळ्यात फळं मिळत नाहीत.

पिलू : खाऱ्या जमिनीतलं हे आपलंच झाड. त्याची छोटी, रसाळ फळं पक्षी आवडीने खातात. खारपाण पट्ट्यातल्या कुंपणासाठी उत्तम.

उंबर : खोडाला लगडणारी फळं वर्षातून अनेकदा येतात. अंगणासाठी हे झाड मोठं होतं, पण मोकळी जागा, मंदिर किंवा शाळेच्या आवारासाठी योग्य.

तुती : हिवाळा सरताना फळते. अंगणात जागा नसेल तर गच्चीवरच्या मोठ्या कुंडीतही येते.

तोंडली : कुंपणावर वेल सोडा आणि काही तोंडली न तोडता पिकू द्या. लाल झालेलं फळ बुलबुलाच्या नजरेतून सुटत नाही.

काय टाळायचं?

घाणेरीची फळं पक्षी खातात हे खरं. पण ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती आहे. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी ती भारतात आणली गेली. पक्ष्यांच्या विष्ठेतून तिचं बी दूरवर पसरतं आणि ती जंगलात स्थानिक गवत-झुडपांची जागा घेते. त्यामुळे ती मुद्दाम लावू नका.

फळं धरलेल्या झाडावर कीटकनाशक फवारू नका. फळं खाणारे अनेक पक्षीही पिल्लांना किडेच भरवतात, त्यामुळे थोडे किडे झाडावर असलेलेच बरे.

सुरुवात कधी करायची?

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा, तर 12 नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. आजूबाजूला कोणता पक्षी कोणत्या झाडावर बसतो, हे त्या आठवड्यात नोंदवून ठेवा. लागवड मात्र जून-जुलैमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर करा. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल. बोराला फळ धरायला काही वर्षं लागतात.

आणि फळं आली की सगळी तोडू नका. बोरन्हाणापुरती काढून घ्या, शेंड्यावरची राहू द्या.