पार्सलमधला विस्तव

बंगळूरला नव्यानेच नोकरीला लागलेल्या मुलासाठी आई खोके भरते. शंकरपाळी, मेतकूट, दोन नवे शर्ट आणि शर्टाच्या घडीत गुंडाळलेली, तो घरीच विसरून गेलेला पॉवर बँक. कुरिअरच्या काउंटरवर ‘आत काय आहे?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘कपडे आणि खाऊ’ एवढेच उत्तर मिळते. त्यात लबाडी नसते. मुठीत मावणाऱ्या त्या वस्तूचा वेगळा उल्लेख करायला हवा, हे तिच्या ध्यानीमनीही नसते.

पण ही न सांगितलेली गोष्ट किती महाग पडू शकते, याचे उदाहरण फार जुने नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघालेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांनी आगीचा इशारा मिळाला. सामानात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. वैमानिकांनी विमान पुन्हा दुबईकडे वळवले. पण पाहता पाहता कॉकपिट धुराने भरले आणि समोरची यंत्रेही दिसेनाशी झाली. कॅप्टनचा प्राणवायूचा पुरवठा बंद पडला. सहवैमानिक एकटाच रेडिओवरून मिळणाऱ्या सूचनांच्या आधारे विमान सांभाळत राहिला. अखेर ते दुबईजवळ कोसळले आणि दोघेही मृत्युमुखी पडले. आग लागली ती अशा बॅटऱ्या आणि इतर ज्वालाग्राही वस्तू असलेल्या सामानात, असे चौकशीत निष्पन्न झाले. बॅटऱ्यांच्या किमान तीन खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या. तशी नोंदच झालेली नव्हती!

बॅटरी पेटते कशी?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. आज मोबाइल, लॅपटॉप, मुलांची खेळणी, विजेवर चालणारी स्कूटर असे सारे तिच्यावरच चालते. थोड्या जागेत भरपूर वीज साठवणे हा तिचा गुण आणि तोच तिचा धोका. आत दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती पेट घेणारा द्रव. आदळआपट, दाब, निर्मितीतील दोष किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्जिंग यामुळे पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. एक घट तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि ही साखळी स्वतःच्याच बळावर पुढे सरकते. विमानाच्या सामानकक्षातील हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो. पण घटांच्या आत वाढत जाणारी उष्णता त्याला थांबवता येत नाही. खरी अडचण आहे ती इथेच.

नियम काय सांगतात?

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवण्यास बंदी घातली. मालवाहू विमानातून त्या पाठवता येतात. पण ३० टक्क्यांहून अधिक चार्ज नसावा, अशी अट आहे. पॉवर बँक ही या नियमांच्या दृष्टीने सुटी बॅटरीच होय. उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत पाठवलेल्या बॅटऱ्यांसाठी निराळा वर्ग आहे. सुट्या बॅटऱ्यांचा क्रमांक यूएन ३४८०, तर उपकरणासोबतच्यांचा यूएन ३४८१. वाहतुकीपूर्वी प्रत्येक प्रकारच्या बॅटरीला कमी हवेचा दाब, तापमानातील चढउतार, हादरे, धक्के, शॉर्टसर्किट अशा चाचण्या पार कराव्या लागतात.

प्रवाशांसाठीचा हिशेब मात्र सोपा आहे. पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या नेहमी केबिनमधील बॅगेत ठेवाव्यात, चेक-इनच्या सामानात कधीही नाही. केबिनमध्ये धूर निघाला तर तो लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. खाली सामानात तो कोणाला दिसणार? १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा हरकत नसते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. त्याहून मोठी चालत नाही. आपल्या पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिले असेल, तर त्याला हजाराने भागून ३.७ व्होल्टने गुणावे. उत्तर येते ७४ वॅट-अवर. निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीचे नियमही पाहून घ्यावेत, कारण काही कंपन्या अधिक कडक असतात.

पार्सल करताना

उपकरण पूर्ण बंद करावे आणि प्रवासात चुकून सुरू होणार नाही, असे बांधावे. सुट्या बॅटरीची टोके चिकटपट्टीने झाकावीत. किल्ल्या, नाणी यांच्यासोबत ती कधीही ठेवू नये. खोके मजबूत असावे आणि आतील वस्तू हलता कामा नये. फुगलेली, चेपलेली किंवा कंपनीने सदोष म्हणून परत मागवलेली बॅटरी विमानाने पाठवताच येत नाही. दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; त्यांच्या संकलन केंद्रावर ती द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काउंटरवर खरे सांगावे. आपल्याला वाटते, कुरिअर म्हणजे ट्रक. पण बराचसा माल प्रवासी विमानाच्याच पोटातून जातो आणि वर कोणाची तरी मुले-नातवंडे बसलेली असतात. बॅटरी आहे असे कळले, तर कर्मचारी ती रस्त्याने जाणाऱ्या सेवेत टाकतील किंवा घेण्यास नकार देतील. फार तर खोके दोन दिवस उशिरा पोहोचेल. शंकरपाळी तेवढ्याने काही बिघडत नाही. आणि पॉवर बँक? दिवाळीला मुलगा घरी येईलच, परतताना तो हातातल्या पिशवीतून घेऊन जाईल.