मोटारीची धूरनळी आणि आपला शेजार

मोटारीचा दर्शनी भाग आपण रोज पुसून लख्ख ठेवतों. परंतु तिच्या पोटाखालून मागें जाणाऱ्या धुराच्या नळीकडे वाकून पाहण्याची तसदी फार थोडे गृहस्थ घेतात. आम्हीहि त्यांतलेच. गेल्या हिवाळ्यांत मात्र आमच्या भाच्याच्या गाडीनें असा घरघराट मांडला कीं, पवईतील आमच्या इमारतीचें सारें आवार सकाळीं सहालाच जागें होऊं लागलें, आणि हा विषय शिकणें आम्हांस भाग पडलें.

मागची नळी सायलेन्सरसकट कुजली होती. कारण ऐकून वाचकांस नवल वाटेल. एक लिटर पेट्रोल जळालें म्हणजे जवळजवळ तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. लांबच्या प्रवासांत नळी चांगली तापून तें उडून जातें. परंतु घरापासून कांजूरमार्ग स्टेशन आणि परत, एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडींत तें सायलेन्सरमध्यें सांचतें व पत्र्याला आंतून गंज चढवितें.

भाचा म्हणाला, "मामा, नवी बसवायचीच तर मोठ्या आवाजाची बसवूं. कारखान्याच्या नळीनें इंजिनाचा श्वास कोंडतो. एका कारागिरानें तर पुढचा डबाहि काढून टाकायला सांगितलें आहे."

"अरे, तो डबा तेथें कां ठेवला आहे, हें त्याला विचारलेंस काय?"

त्यानें विचारलें नव्हतें.

तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा सूक्ष्म लेप असतो. इंजिनांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांचें तेथें बहुतांशीं निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतें. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींना हें साधन १९९५ सालीं सक्तीचें झालें. शिसें त्यास मारक, म्हणून शिसेंविरहित पेट्रोलहि त्याच वेळीं तेथें मिळूं लागलें.

धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें, असें आम्ही तर्कसंग्रहांत शिकलों. येथें तें शिक्षण अपुरें पडतें. कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं आणि वासहि नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला मात्र तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. आमच्या इमारतींत मोटारी तळमजल्यावर उभ्या असतात, आणि त्यांच्या वरच्याच घरांत एक तान्हें मूल आहे. भाच्याच्या इंजिनाला मोकळा श्वास हवा, म्हणून त्या मुलानें आपला कां कोंडून घ्यावा?

कायदाहि येथें स्पष्ट आहे. ध्वनि व हवा यांच्या प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर चालविल्यास, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय तीन महिने परवाना जातो. भाचा वरमला, आणि मूळच्याच नमुन्याची नळी आणली.

रविवारीं इंजिन पूर्ण थंड असतां उघड्या, सपाट आवारांत काम आरंभिलें. भाचा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं लागला, तेव्हां आम्हीं त्याचा पाय धरून त्याला मागें ओढला. जॅक उचलण्यासाठीं असतो, भार धरून ठेवण्यासाठीं नव्हे. चाकांना ठोकळे लावून आणि गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवून मगच तो खालीं गेला. गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून घटकाभर थांबावें. जोर केला तर ते तुटतात. नळी ज्या रबरी कड्यांना टांगलेली असते, त्या साबणाच्या पाण्यानें सहज निसटतात. सांध्यावरचें गॅस्केट नवें घालावें. बोल्ट प्रथम सैल ठेवून नळी कोठें घासत नाहीं ना हें पाहावें, आणि मगच ते आंवळावे. शेवटीं उघड्यावर इंजिन चालू करून सांध्यांतून फुसफुस येते कीं काय, हें कान देऊन ऐकावें. पुढच्या डब्याला आम्हीं हातहि लावला नाहीं.

आपल्या मोरीचें पाणी शेजाऱ्याच्या अंगणांत जाऊं नये, म्हणून वाडवडील तिची वाट नीट बांधून काढीत. मोटारीच्या मागच्या नळीला नियम तोच आहे. सोमवारीं सहा वाजतां गाडी केव्हां निघून गेली, तें आम्हांस कळलेंहि नाहीं. आणि वरच्या घरांतील तान्हें मूल, त्याची आई सांगत होती, सात वाजेपर्यंत निजलें होतें.